संत मार्कचा चिनी सिंह

दारातली सिंहीण जागेवर नव्हती आणि नर तेवढा ऐटीत बसलेला होता. ते पाहताच रिटाच्या डोक्यात तिडीक गेली. ग्रोसरीच्या पिशव्या तिने पायरीवरच आदळल्या.

हे ब्राँझचे दोन चिनी सिंह टोरोंटोजवळच्या मार्कहॅममधल्या या घराबरोबरच आले होते. शेजारच्या मिसेस लामनी रिटाला त्यांचा अर्थ समजावला होता. नराच्या पंजाखाली चेंडू असतो, म्हणजे बाहेरचं जग. मादीच्या पंजाखाली पिल्लू. तो घर राखतो, ती घरातली माणसं. जोडी कधी फोडायची नाही.

"सिंहीण कुठाय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"गराजमध्ये," आल्फ्रेड म्हणाला. "संध्याकाळी रोझरीची प्रार्थना आहे ना. सगळे येणार."

ऑक्टोबरात मरियामातेची मूर्ती इथल्या वसईकरांच्या घरोघरी फिरते, एकेका घरी आठवडाभर राहते. यंदा पहिल्यांदाच ती यांच्याकडे येणार होती आणि आल्फ्रेड वरबापासारखा मिरवत होता.

"मग नर बरा राहिला?"

"तो चालतो. सिंह ही संत मार्कची खूण. कोणी विचारलं तर सांगता येतं. पण ती बाई पिल्लाला पायाखाली चिरडतेय. मरियामातेसमोर बरं दिसतं का?"

रिटा बघतच राहिली. चीनच्या सिंहाचा या शहाण्याने एका दुपारीत बाप्तिस्मा उरकला होता! आणि त्या सिंहाच्या बायकोला पोरासकट विंटर टायर्सच्या मागे ढकललं होतं.

"चिरडत नाही ती. धरलंय तिने त्याला. पंजातून दूध पाजते म्हणतात."

"लोकांना काय माहीत ते?"

लोक! रिटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची ॲलिसन तान्ह्या मुलीला घेऊन आदल्या दिवशीच कॅल्गरीहून आली होती. लग्न झालेलं नव्हतं, बाळाचा बाप पसार झाला होता. आल्फ्रेडने परस्पर फोन करून तिला टोरोंटोत मैत्रिणीच्या कॉन्डोत उतरायला लावलं होतं. मूर्ती पुढच्या घरी गेली की ये म्हणे! आठवड्याचा तर प्रश्न, म्हणून रिटाही गप्प बसली होती. आता तिला स्वतःचीच चीड आली. नातीला तिने अजून हातातसुद्धा घेतलं नव्हतं.

तिने तिथेच फोन लावला. "ॲलिसन, बाळाला घेऊन घरी ये. आत्ता. उबर कर."

"मॉम, डॅड सेड नेक्स्ट वीक."

"डॅडला मी बघते."

मग ती नवऱ्याकडे वळली. "सिंहीण बाहेर आण. मला एकटीला उचलता आली असती, तर तुला सांगितलंही नसतं."

आल्फ्रेडने ट्रॉली काढली.

संध्याकाळी रॉड्नी तुस्कानो मूर्ती छातीशी धरून आला. तो प्रार्थना मंडळाचा प्रमुख. मागे डझनभर माणसं, हातात मेणबत्त्या, बोचरा वारा. रिटा दार अडवून उभी.

"रिटा, मरियामाता बाहेर थंडीत आहे," रॉड्नी म्हणाला.

"राहू दे जरा. माझी लेक रस्त्यात आहे. आधी ती आत येईल."

"ॲलिसन? मॅरेज झालं तिचं?"

"नाही. बाळ झालं."

कुणीतरी खाकरलं. आल्फ्रेड कुजबुजला, "रिटा, तमाशा नको, प्लीज."

"बेथलेहेमातही सगळी भली माणसंच राहत होती," रिटा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "एकानेही दार उघडलं नाही. आणि ती पोटुशी बाई आज तुम्ही हातात धरून आणलीत! विचारा तिला, दोन मिनिटं थांबते का."

तेवढ्यात उबर येऊन थांबली. ॲलिसन बाळाला कार सीटसकट घेऊन उतरली आणि गर्दी बघून तिथेच थबकली.

"डॅड, शुड आय गो बॅक?"

"दे उत्तर," रिटा म्हणाली. "तुझ्या लोकांसमोर दे."

आल्फ्रेडने रॉड्नीकडे पाहिलं, मेणबत्त्यांकडे पाहिलं. लेकीकडे मात्र पाहिलं नाही.

रिटा स्वतःच पायऱ्या उतरली. नातीला तिने उचलून कुशीत घेतलं, लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघींना घेऊन वर आली.

"आता आणा मरियामातेला," ती रॉड्नीला म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "तू सगळ्यांच्या शेवटी ये."

आल्फ्रेड खाली मान घालून बाजूला उभा राहिला. मूर्ती आत गेली, माणसं आत गेली. सगळ्यांच्या शेवटी तो आपल्याच घरात शिरला.