सामाईक विहिरीच्या तीन नोंदी

सोनालीनं कंपायलरचे, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाचे, गप्प केलेले इशारे पुन्हा चालू केले आणि प्रोग्राम त्यातून नव्यानं काढून पाहिला. पडद्यावर पिवळी ओळ उमटली. संगणकाच्या स्मृतीतली मोकळी केलेली जागा पुन्हा वापरली जात होती.

शेतातल्या मोटारींच्या पाळ्या लावणारा तो प्रोग्राम कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. देशोदेशीची माणसं त्यात फुकट दुरुस्त्या करत. ईट गावच्या सामाईक विहिरीसाठी कुणाची मोटार किती तास चालली ते नावानिशी नोंदवायची सोय सोनालीनं केली होती. तेव्हा ही ओळ सारखी टोचायची, म्हणून तिनंच ती दाबली होती.

उठून गेलेल्या पाहुण्याच्या ताटात, ते न विसळताच, दुसऱ्याला वाढावं तसं झालं होतं. चुलत्यांची, बलभीमतात्यांची, मोटार थांबली तरी तिची जागा कधीकधी पुसली जात नव्हती. मग आबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, मोटारीचे तास तात्यांच्याही नावावर पडत. आपल्या पाळीत तात्यांनीही पाणी ओढल्याच्या अशा तीन नोंदी आबांनी पारावर चार माणसांत वाचून दाखवल्या. तात्या एवढंच म्हणाले, चोराला पाळी कशाला पायजे. त्याला बारा दिवस झाले. त्यांनी मोटारीला हात लावला नव्हता. कांदा पिवळा पडत चालला होता.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. सोबतच्या टिपेत तिनं लिहिलं, इशारा मी दाबला होता, चूक माझी. दुपारपर्यंत दोन अनोळखी माणसांनी आभार मानले. आबांना सांगितलं, तर ते बराच वेळ टोपीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, तूच जाऊन सांग.

तात्या बांधावर बसून खुरप्याला धार लावत होते. तिनं कागदावर चौकोन काढून सगळं समजावलं.

"म्हंजी तिन्ही बी मशीननंच केलं?"

"व्हय तात्या. माझ्यामुळं."

त्यांनी अंगठ्यानं धार पाहिली.

"दोन केलं आसंल. तिसरं, मंगळवारचं, म्याच केलं, पोरी. तुजा बाप परंड्याला गेलता. कांद्यानं माना टाकल्या हुत्या."

सोनालीनं कागदाची घडी केली. मग ती कांद्याच्या वाफ्यांकडं बघत राहिली.

"उद्या तुमची पाळी हाय, तात्या. घ्या."

तात्यांनी होकाराची मान हलवली.

ती घरी आली तेव्हा आबा दारातच उभे होते.

"काय म्हणाला?"

"पाळी घेतो म्हणाले."