त्रेचाळीस रेघा

पंडरी बाजारातल्या कापडाच्या दुकानात अपर्णा उभी होती आणि तिला एक शब्द आठवत नव्हता. ब्लाउजला आतून लावतात ते कापड. तिने हाताने खूण करून दाखवली. दुकानदाराने आधी मांजरपाट काढला, मग चादरी.

"दीदी, पंखे के नीचे बैठ जाइए, याद आ जाएगा," तो हसून म्हणाला. "मैं तो अपना ही भाव भूल जाता हूँ, ग्राहक याद दिला देते हैं."

तीही हसली आणि काहीच न घेता बाहेर पडली. घराकडे जाणारी रिक्षा खोदलेल्या रस्त्यावरून हिंदकळत निघाली. अर्धी वाट सरल्यावर शब्द आला. अस्तर. सत्तेचाळिसाव्या वर्षी एखादा शब्द अडला तर त्यात एवढं काय, असं कोणीही म्हटलं असतं. पण अशा अडण्याचा शेवट कुठे होतो ते तिने आपल्याच घरात पाहिलं होतं.

तिचे वडील यशवंतराव जाऊन दोन महिने झाले होते. ते अनुवादक होते. आधी कलेक्टर कचेरीत आणि नवं राज्य झाल्यावर नव्या राजधानीच्या मंत्रालयात. भोपाळहून ट्रक भरून फायली आल्या तेव्हा निवृत्तीला आलेले यशवंतराव रोज रात्री आठपर्यंत इंग्रजी आदेश हिंदीत करत बसायचे. दिवसभर इंग्रजी-हिंदीत राहून माणूस घरी येई तो मराठीत.

त्यांचे थोरले भाऊ अच्युत साठीच्या आतच सगळं विसरत गेले. शेवटी शर्टाला गुंड्या असतात आणि त्या लावायच्या असतात, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. ते पाहिल्यापासून यशवंतरावांनी स्वतःला एक परीक्षा लावून घेतली. दर महिन्याच्या एक तारखेला डोळे मिटून बसायचं आणि इंग्रजीतल्या 'टेक' या क्रियापदाचे मराठी अर्थ म्हणायचे. त्यांनी स्वतः जमवलेले ते अर्थ त्रेचाळीस होते. घेणे, नेणे, पकडणे, स्वीकारणे. औषध गिळणे. वेळ लागणे. फोटो काढणे. अपमान सोसणे. किल्ला सर करणे. परीक्षा देणे. इथे ते एक डोळा उघडून म्हणायचे, "तिकडचा पोट्टा परीक्षा घेते, आपला देते. नापास दोघंही होतात."

हेच क्रियापद काहून, असं अपर्णाने शाळेत असताना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "अवघड शब्द विसरला तर माणूस घाबरत नाही. साधा विसरला तर घाबरते. मले वेळेवर घाबरायचं आहे."

समोर वही घेऊन शांताबाई, म्हणजे अपर्णाची आई. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यासाठी लागतही नव्हतं. प्रत्येक अर्थाला एक रेघ, चार उभ्या, पाचवी आडवी. अपर्णाही शेजारी बसून वडिलांबरोबर म्हणायची. दहावीला येईतो तिचेही त्रेचाळीस पाठ झाले होते.

ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी आल्यावर तिने पायातल्या चपलाही न काढता पेटीतून ती वही काढली. तिला एवढंच पाहायचं होतं की बाबांच्या रेघा कोणत्या वयात कमी व्हायला लागल्या. आपल्या हातात किती वर्षं आहेत, ते कळलं असतं.

रेघा कमी झाल्याच नव्हत्या.

तिने शेवटची पानं दोनदा मोजली. बाबा एकदा दाढीचा साबण आणायला म्हणून निघाले आणि दुसऱ्या दिवशी शहराबाहेर बीरगांवला एका कारखान्याच्या फाटकापाशी, एका पायात चप्पल घालून बसलेले सापडले. त्या महिन्यातही पूर्ण त्रेचाळीस होत्या. म्हणजे हे दुखणं आधी काही कळूच देत नाही. आज सगळं ठीक आणि उद्या माणूस बीरगांवला.

आई स्वयंपाकघरात लाखोळीची पालेभाजी निवडत बसली होती.

"आई, बीरगांवला सापडले त्या महिन्यातबी त्रेचाळीस? असं कसं?"

शांताबाईंचे हात थांबले. त्या वर न पाहता म्हणाल्या, "मी मारल्या त्या."

"म्हणजे?"

"एकदा पस्तिसावर अडले. माझ्याकडं पाहून राहिले, लेकरासारखे. मी हळूच म्हटलं, सोसणे. हव, सोसणे, म्हणाले. मग पुढच्या महिन्यात तीन सांगितले. मग सांगणंबी सोडलं. ते म्हणत एकवीस-बावीस, आन् मी नुसत्या रेघा ओढत जाये. वही दाखवली का खूश व्हायचे."

"किती वर्षं?"

"चार."

चार वर्षं अपर्णा त्यांना डॉक्टरकडे चला म्हणत होती आणि चार वर्षं ते ही वही तिच्यापुढे धरत होते. तिला राग यायला हवा होता. पण भीतीने रागाला जागाच ठेवली नव्हती. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि दुकानातली गोष्ट तिने सांगून टाकली. मागच्या महिन्यात सहकाऱ्याचं, देवीदासचं, नाव अडलं होतं, तेही सांगितलं.

"अस्तर विसरली तर काय झालं? मी रोज चष्मा विसरतो," शांताबाई घाईने म्हणाल्या. अशी चूक त्या एरवी करत नसत. पुरुषासारखं 'विसरतो' म्हणाल्या, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"आई, वही घे. माझे मोज."

"नाही. डॉक्टरकडं जा."

"सोमवारी जातेच. पण डॉक्टरले माझं आधीचं काय माहीत? तुले माहीत आहे. मले सगळे येत होते."

"एकदा मोजलं न मी. आता तुझं नाही मोजत, पोरी. माझ्याच्यानं नाही होत."

"मग मी एकटी बसते म्हटलं, तर मीबी खोट्याच रेघा मारीन. घराण्यातच आहे आपल्या."

शांताबाई हसल्या नाहीत. त्यांनी भाजीची परात सरकवली, हात पदराला पुसले आणि पेन्सिल शोधून आणली. कोरं पान उघडून त्यावर त्यांनी तारीख घातली.

"मी काही सांगणार नाही. अडली तर अडली."

"नको सांगू."

अपर्णाने डोळे मिटले. घेणे. नेणे. पकडणे. पहिले वीस तर धावतच आले, बाबांच्याच चालीत. तिसाच्या पुढे ती सावकाश झाली, एकेक पायरी चाचपत उतरल्यासारखी. पेन्सिलचा आवाज ऐकू येत होता, तोच तेवढा आधार होता. चौतीस. पस्तीस. छत्तीस.

मग काहीच आलं नाही.

शब्द जिथे असतो तिथे तिने पाहिलं. जागा होती, शब्द नव्हता. खाली गल्लीत कोणी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. अपर्णाने डोळे उघडले.

शांताबाई पेन्सिल कागदाला टेकवून बसल्या होत्या. सदतिसावा अर्थ त्यांना येत होता. गेली कित्येक वर्षं त्यांना सगळेच येत होते. मुलीच्या तोंडाकडे पाहत त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, आणि पेन्सिल हलली नाही.