पॉज न दाबलेली कॅसेट

मी एक कॅसेट. साठ मिनिटांची, तीस मिनिटं ए बाजूला, तीस बी बाजूला. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी हातात घेतलं नसेल, म्हणून आधीच सांगते. माझ्या पोटात दोन चाकं आहेत आणि त्यांच्यावर गुंडाळलेली एक तपकिरी पट्टी. त्या पट्टीवर जे येईल ते मी धरून ठेवते. मला निवड करता येत नाही. गाणं आणि शिंक मला सारखीच.

तेवीस वर्षांपूर्वी अलिबागच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून सगुणाने मला घेतलं. ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली, तेव्हा अठरा वर्षांची. एसटीत तिने मला दोनदा पिशवीतून काढून पाहिलं आणि दोनदा ओढणीने पुसलं. मी तर नवीकोरीच होते. तरी मला बरं वाटलं.

मला तिने गाण्यांसाठी आणलं होतं. मुंबईचं रेडिओ स्टेशन समुद्रावरून सरळ आमच्या किनाऱ्यावर यायचं आणि दर शनिवारी दुपारी चार वाजता त्यावर रॉक गाणी लागायची. तो कार्यक्रम चालवायचा चांगदेव म्हात्रे. तो मूळचा इथलाच, नागावचा. स्टेशनवाल्यांनी त्याला एखादं चटपटीत नाव घ्यायला सांगितलं होतं म्हणे. त्याने घेतलं नाही. "मी चांगदेव," एवढंच म्हणायचा आणि गिटार सुरू व्हायची. गाणी परदेशातली, पण मधलं बोलणं मराठीतलं, शेजारच्या ओटीवरून बोलावं तसं. कार्यक्रमात एकदा तो भरतीची वेळही सांगायचा. मुंबईत तिचा कुणाला उपयोग नव्हता आणि आमच्या किनाऱ्यावर ती सगळ्यांना आधीच ठाऊक असायची. तरी तो सांगायचा, आणि तरी लोक ऐकायचे.

त्या काळी गाणी टेप करण्याची एक रीत होती. टेपरेकॉर्डरच्या पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसायचं. निवेदक बोलायला लागला की बटण दाबायचं, गाणं सुरू झालं की सोडायचं. गाणं स्वच्छ यायला हवं, मधे बडबड नको. ज्याच्या कॅसेटमध्ये निवेदकाचा एक शब्दही नाही, तो हुशार समजला जायचा.

सगुणाला हे जमलं नाही. एक तर तिच्या टेपरेकॉर्डरला पॉजचं बटणच नव्हतं. शिवाय त्यात रेडिओही नव्हता, म्हणून होडीवरचा ट्रान्झिस्टर आणून तिने त्याच्यासमोर ठेवला होता. आणि मुख्य म्हणजे शनिवारी चारला तिचे हात रिकामे नसायचे. ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घालायचे असत. त्या दिवशी तिने कोपराने माझं बटण दाबलं आणि ती बोंबलांकडे वळली. पुढचा अर्धा तास बुळबुळीत हात घेऊन ती आमच्या जवळ आलीच नाही.

म्हणून माझ्या ए बाजूवर सगळंच आलं. गाणी आली, चांगदेव आला, कावळे आले. आणि सगुणाची आई आली. तिचं बोलणं फार चांगलं उमटलं आहे, कारण ती माझ्या अगदी शेजारी उभी होती.

"सगुणे, कावला बोंबील घेऊन गेला नि तू पेटीला कान लावून बसलीस. तो काय बोलतंय ते तुना तरी कलतंय का?"

"कलतंय गो आये."

"काय कलतंय? कवापासून बोलतंय. बसंल एक दिवस घसा मेल्याचा."

आईच्या मनात काही नव्हतं. ती कावळ्यालाही मेला म्हणायची आणि जावयालाही. पण मी सांगितलंच ना, मला निवड करता येत नाही. ते वाक्य मी धरून ठेवलं.

पुढच्या वर्षी सगुणाचं लग्न झालं, वाड्यातल्या वाड्यातच. माझ्या बी बाजूवर तिच्या हळदीची गाणी भरली गेली. शेवटी सात मिनिटं कोरी राहिली. मग टेपरेकॉर्डर बिघडला आणि मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेले. सोबतीला बटणं, सुया आणि एक मोडका कंगवा. डब्यात काही दिसत नसे, पण घरातलं बोलणं ऐकू यायचं. तेवढ्यावरूनच मला बाहेरचं जग कळत राहिलं.

चांगदेवचा कार्यक्रम बंद झाला. मग ते स्टेशनही बंद झालं. तो नागावला परत आला आणि नारळीपोफळीच्या वाडीत त्याने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. नंतर त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली. तिचं नाव पूर्वी.

त्याचा आवाज गेल्याची बातमी सगुणाने घरी सांगितली त्या दिवशी तिने डबा उघडला, मला हातात घेतलं आणि तसंच परत ठेवून दिलं. झाकण घट्ट लावलं. कंगव्याला काही कळलं नाही. मला कळलं.

पुढे पंधरा वर्षं ती नागावला चांगदेवच्या घरी मासळी देत होती. दर बुधवारी जायची. तो पाटीवर लिहून बोलायचा, पण पाटी नेहमी हाताशी नसे. मग बोटाच्या पेरांनी टकटक करायचा, दारावर, टेबलावर, सगुणाच्या टोपलीवर. सगुणा घरी येऊन सांगायची, "आज हलवा बगून टोपली वाजवलान त्यान. आवरला त्याला." मासा आवडला की तो असंच वाजवायचा. पण आपण त्याचा कार्यक्रम ऐकायचो, त्याला एक पोस्टकार्ड टाकलं होतं आणि त्याने ते वाचलंही होतं, हे तिने त्याला कधीच सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कॅसेटचं सांगावं लागलं असतं, आणि कॅसेटमध्ये आई होती.

दोन हजार वीसच्या वादळात चांगदेवच्या घराचे पत्रे उडाले. त्याच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी एका पेटीत होत्या. तीन दिवस त्या पाण्यात राहिल्या. सगुणा मात्र शाळेत आसऱ्याला जाताना एका हाताने सासूला आणि दुसऱ्या हातात माझा डबा धरून गेली. नवऱ्याने विचारलं, "सुया कशाला पायजेत आता?" तिने डबा आणखी घट्ट धरला.

गेल्या दिवाळीनंतर चांगदेव वारला.

त्याचे जुने चाहते एकमेकांना फोनवर शोधू लागले. माणगावला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला परेश पुढे झाला. त्याने सगळ्यांना कळवलं की शनिवारी चार वाजता नागावला, चांगूदादाच्या वाडीत जमायचं. ज्याच्याकडे जी कॅसेट असेल ती आणायची. पूर्वी आता पंधरा वर्षांची आहे आणि तिने वडिलांचा आवाज कधीच ऐकलेला नाही. तो तिला ऐकवायचा.

त्या दिवशी पाहुण्यांच्या जेवणासाठी सुके बोंबील घेऊन सगुणा सकाळीच नागावला गेली. जाताना तिने डबा उघडला, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मला टोपलीत तळाशी टाकलं, बोंबलांच्या खाली. दाखवायचं ठरलं नव्हतं. नुसतंच घेतलं होतं.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टोपलीतून मी सगळं ऐकत होते. लोक चारच्या कितीतरी आधीच आले आणि एकूण सदतीस कॅसेटी जमल्या. परेश एकेक लावून पाहत होता. गाणं, गाणं, गाणं. दोन गाण्यांच्या मधे एक खट् आणि पुन्हा गाणं. एका कॅसेटमध्ये "तर" एवढं आलं. एकीत नुसता श्वास आला, बोलण्याआधी माणूस घेतो तसा. दुपारचे दोन वाजले तरी सगळा मिळून चांगदेव एक शब्द आणि एक श्वास एवढाच होता.

"परेश, तुझ्या तरी कॅसेटमध्ये असेल ना?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या नऊ आहेत," परेश म्हणाला. "एकदम स्वच्छ. कॉलेजात मी सगळ्यांना दाखवायचो, बघा, एक शब्द नाही म्हणून."

पेणहून ट्रक घेऊन आलेला बाळाजी म्हणाला, "त्याचं बोलणं ऐकायला रेडिओ लावायचो आणि टेप करताना त्यालाच कापायचो. अकलेचे कांदे आपण. अलिबागच्या बाजारात माळ करून टांगायला हवं."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात पूर्वी आत आली. आईला, दिपालीवहिनींना, हळूच म्हणाली, "आई, त्यांना सांग ना, राहू दे म्हणून. सगळ्यांना वाईट वाटतंय."

सगुणा चुलीपाशीच बसली होती. तिने टोपलीत हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"वयनी," ती म्हणाली, "यात दादा हायेत. पन यात माझी आय पन हाय. ती जे बोलली ते ऐकून मना या घरात परत घेतलं न्हाय, तरी मी काय बोलनार न्हाय."

दिपालीवहिनींनी मला घेतलं. मला बोंबलाचा वास येत होता, त्याची मला लाज वाटली. पण त्यांनी मला नाकाशी नेऊन नुसतं हसल्यासारखं केलं.

माझी अवस्था चांगली नव्हती. पट्टीला मागून दाबून धरणारी माझी इवलीशी गादी गळून पडली होती, आणि पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटले होते. परेश म्हणाला, "जोरात ओढलं तर तुटेल. पहिल्याच फेरीत फोनवर उतरवून घेऊ. दुसऱ्या फेरीचा भरवसा नाही." गादीसाठी दुसरी एक कॅसेट उघडायला लागणार होती. बाळाजीने लगेच आपली पुढे केली. पेणच्या त्या कॅसेटला मी नावानेही ओळखत नाही. तिची गादी आज माझ्या पोटात आहे.

बरोबर चार वाजता सगळे सुपारीच्या झाडांखाली बसले. परेशने बटण दाबलं. मी फिरायला लागले. बावीस वर्षांनी फिरत होते. पहिला वेढा सुटताना मला वाटलं, आता गेले.

आधी कावळे ओरडले. मग गिटार संपली आणि तो बोलला.

"मी चांगदेव. पाच वाजून दहा मिनिटांनी भरती आहे. ज्यांना समुद्र नाही त्यांनी नुसतं ऐकून घ्या."

मोठी मोठी माणसं, टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, खाली बघायला लागली. बाळाजीने तोंडावर रुमाल धरला. मग सगळ्यांनी हळूच पूर्वीकडे पाहिलं.

पूर्वी सरळ बसून होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण तिचंही बरोबर होतं. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. एक परका, गप्पिष्ट माणूस बोलत होता.

आणि मग आई आली. कावळा, पेटी, काय कळतंय, सगळं. आणि ते वाक्य.

"बसंल एक दिवस घसा मेल्याचा."

सगुणाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मला थांबता आलं असतं तर मी तिथेच तुटले असते.

पण मी फिरत राहिले, आणि माझ्यावरचा चांगदेव पुढे बोलत राहिला. पत्र वाचण्याआधी तो नेहमी स्टुडिओच्या टेबलावर वाजवायचा. तसंच त्याने वाजवलं.

टक. टक-टक.

पूर्वी उभी राहिली.

"हे बाबा," ती म्हणाली. मग आईचा हात धरून पुन्हा म्हणाली, "आई, हे बाबा आहेत. रोज सकाळी माझ्या दारावर असंच वाजवायचे." ती खाली बसली आणि माझ्यावर वाकली, अगदी जवळ.

"एक पोस्टकार्ड आहे," चांगदेव म्हणत होता. "सगुणा, रेवदंडा कोळीवाडा. लिहिते, तुमची गाणी मला कळत नाहीत, पण ज्यात ढोल पुष्कळ आहे ते लावा, म्हणजे बोंबील टांगायला हात भरभर चालतात. सगुणाताई, खरं सांगू, मलाही सगळी कळत नाहीत. हे घ्या ढोलवालं. आणि कावळ्यांकडे लक्ष ठेवा."

दिपालीवहिनी हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. "सगुणा, ऑपरेशननंतर पाटीवर पहिलं वाक्य काय लिहिलं होतं माहीत आहे? 'कधीपासून बडबडत होतो, घसा बसायचाच होता.' तुझ्या आईने तेच तर सांगितलं."

सगुणाने पदर मागे केला. "ती जावयाला पन मेलाच बोलायची," ती म्हणाली.

"मग आमचे हे तिचे जावईच झाले," वहिनी म्हणाल्या.

मी शेवटपर्यंत गेले. तुटले नाही. चांगदेव आता परेशच्या फोनमध्ये आहे आणि तिथून तो कितीतरी घरांत गेला आहे, कावळ्यांसकट आणि आईसकट. परेशने विचारलं होतं, आईचं वाक्य काढून टाकू का, ते सोपं आहे. पूर्वी म्हणाली, "नको. काही कापू नका."

आता मी पूर्वीच्या टेबलावर राहते. माझी पट्टी दोन ठिकाणी चुरगळली आहे आणि लेबलावरची शाई उडाली आहे. मला आता फारसं कुणी वाजवत नाही, आणि ते बरंच आहे, कारण माझ्यात थोड्याच फेऱ्या उरल्या आहेत. तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये माझ्यासारख्या हजार कॅसेटींची जागा आहे. त्यात गाणी भराच, पण गाणी पुन्हा मिळतात. घरातलं कुणी बोलत असेल, रागावत असेल, तर थोडा वेळ तेही येऊ द्या.

मागच्या बुधवारी सगुणा मासळी घेऊन आली तेव्हा पूर्वीने तिला माझ्यासमोर बसवलं. बी बाजूची शेवटची सात मिनिटं अजून कोरी होती.

"मावशी, बोला ना काहीतरी."

"मी काय बोलू गो?"

पूर्वीने रेकॉर्डचं बटण दाबलं. सगुणाने हात पदराला पुसले, या वेळी कोरडे असूनही. आधी कावळे ओरडले. मग तिने बोटाची पेरं टेबलावर आपटली, एकदा, आणि लगेच दोनदा.

"चांगूदादा," ती म्हणाली, "ती पोस्टकार्डवाली सगुणा मीच."

ते मी धरून ठेवलं आहे.