पिवळ्या शर्टाला केलेला नमस्कार

मित्रांनो, मी एक जुनी म्हैस आहे. माझे नाव सुंदरी. ते ठेवले तेव्हा मी दोन दिवसांची होते, त्यामुळे त्यात माझा काही दोष नाही.

कोल्हापुरातल्या जोतीरामच्या गोठ्यात मी जन्मले आणि त्याच्या मुलाने, यशराजने मला वाढवले. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून मोटारसायकलमागे पळवतात. यशराज गाडीचा सायलेन्सर काढायचा, डोक्यावर हात गरागरा फिरवायचा आणि एकदम पुढे झोकायचा. की मी सुटले! शिंगांना रंग, गळ्यात कवड्या, डोक्यावर मोरपिसे. पळून झाले की मी पुढचे गुडघे टेकून नमस्कार करायची. लोक म्हणायचे, "म्हैस हाय का माणूस?" मला तो अपमान वाटायचा, पण मी कधी बोलून दाखवले नाही.

मग यशराज नौदलात गेला, विमाने वाहणाऱ्या जहाजावर. गाडीवर पोते पडले. माझे दूध आटू लागले.

"हिला वडगावच्या बाजारात न्यायची," जोतीराम म्हणाला.

"पोरगं येऊ दे की सुट्टीला," यशराजची आई चिमणाबाई म्हणाली.

"दिवाळीपतोर बघतो. पुढं न्हाय."

त्याच सुमारास टीव्हीवर त्या जहाजावरच्या जीवनाची माहितीपट मालिका सुरू झाली. सहा भाग, संध्याकाळी सहाला. सहाला धारेची वेळ. धार हलवता येईना, म्हणून टीव्ही गोठ्यात हलवला.

मी पाहिले. चहूकडे पाणी, आणि मधोमध गवत नसलेले भलेमोठे शिवार तरंगत होते. विमान उतरले की एका तारेत अडकून थांबायचे. एवढे मोठे विमान, पण तेही दाव्यालाच! मला फार बरे वाटले. डोळे मिटले की मी तिथे असायची. खाली समुद्र संथ रवंथ करायचा. पुढे विमान, मागे मी. शिवार संपले तरी आम्ही पळतच राहायचो, ढगांच्या बांधावरून. वारा एवढा, की अंगावर एक माशी नाही.

चिमणाबाई मात्र हैराण. सगळ्यांच्या अंगात रंगीबेरंगी शर्ट, डोक्यावर टोप, डोळ्यांवर चष्मे. वर्षभर तिने लेकाचे तोंड पाहिले नव्हते.

"ह्यातलं आपलं कुठलं?"

"ते हिरवं असंल," जोतीराम म्हणायचा.

"ते बुटकं हाय की! सोताचं पोरगं वळखंना व्हय?"

"मग तू वळख."

ती टीव्हीकडे मान वळवून बसायची. धार काढताना निम्मे दूध बादलीबाहेर जायचे, ते फक्त मला कळायचे.

पाच भाग संपले. सहाव्यात, पिवळा शर्ट घातलेल्या एकाने डोक्यावर हात गरागरा फिरवला आणि एकदम पुढे झोकला. विमान गरजले. मित्रांनो, मी काय करणार? खुंटा उपटला, बादली उडाली, जोतीराम वैरणीत गेला. टीव्हीसमोर जाऊन मी पुढचे गुडघे टेकले.

"अगं बाई, त्योच! म्हशीनं वळाखला!" चिमणाबाई काचेवर हात फिरवत रडू लागली.

"हिला न्हाय इकायची," वैरणीतून आवाज आला.

आठवड्याने जहाज बंदराला लागले आणि यशराजचा फोन आला. चिमणाबाई माझ्याजवळच बसली होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"आई, त्यो मी न्हवं. मी खाली सैपाकघरात असतोय. चपात्या करतोय. सांगायची लाज वाटली."

"आरं, घरात कवा तांब्या उचलला न्हाईस!"

"आबास्नी सांगू नको."

"गोल हुत्यात काय?"

"आता व्हायला लागल्यात."

तेवढ्यात जोतीराम दारात आला. "काय म्हणतोय?"

चिमणाबाईने माझ्याकडे पाहिले.

"त्योच हुता म्हणतोय," ती म्हणाली.

मित्रांनो, मी चुकले. बादलीतले दूध सांडले आणि एका परक्या माणसाला नमस्कार घडला. पण तोही कुणाच्या तरी घरचा असेलच की. एवढेच सांगते, तुमच्या दावणीला कुणी म्हातारे झाले असेल तर त्याला बाजार दाखवायची घाई करू नका. ते कुणाची तरी वाट बघत असते.

यंदाच्या पाडव्याला चिमणाबाईने माझी शिंगे स्वतः रंगवली. पिवळी.