भरल्या गाडीची परीक्षा

आमच्या बस डेपोत एक पद्धत आहे. नव्या ड्रायव्हरची शेवटची परीक्षा रिकाम्या गाडीवर घेत नाहीत. गाडी भरायची, आणि तीही उमेदवारांच्या घरच्यांनी. परीक्षक साहेब म्हणतात, आपली माणसं मागे बसली की कुणाचा हात किती सांभाळून चालतो ते लगेच कळतं. म्हणून त्या दिवशी सकाळी मी, माझे दुखरे गुडघे आणि माझा तोंडाचा पट्टा, असे सगळे बसमध्ये हजर होतो.

परीक्षा माझ्या सुनेची होती. फौजेत रसदीचे ट्रक चालवून आलेली बाई ती. दुसऱ्या एका उमेदवाराचे वडील, पिकल्या केसांचे आजोबा, शेजारच्या बाकावरून मला म्हणाले, "म्हणजे लढायला नव्हती. गाडीच चालवायची ना?"

"हो, गाडीच," मी म्हटलं. "तुमच्या मुलाच्या रस्त्यात खड्डे असतात ना, तसे तिच्या रस्त्यात सुरुंग असायचे. बाकी सगळं सारखंच."

आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले.

ही नोकरी तिला हवीच होती. फौजेतून आल्यापासून घरात नुसती भिंतीला पाठ लावून बसायची. कुणी दार आपटलं की ताट तसंच टाकून उठायची. डेपोत शिकायला लागली आणि पोटभर जेवायला लागली, हसायला लागली, एकदा तर माझ्याशी कडाकडा भांडलीसुद्धा. केवढा आनंद झाला मला! आता नोकरी हुकली तर पुन्हा त्या भिंतीपाशी जाऊन बसेल, एवढीच माझ्या जिवाला धाकधूक.

आणि गाडी काय चालवली हो पोरीने! वळणावर उभ्या माणसाचा तोल गेला नाही. परीक्षक साहेब तर मान डोलावत होते. बाजारपेठ मागे टाकून आम्ही गोदामांच्या रस्त्याला लागलो, आणि पुढे मधोमध एक पोतं पडलेलं दिसलं. फुगलेलं, तोंड बांधलेलं. कुठल्यातरी टेम्पोतून पडलं असणार.

दुसरा कुणीही त्याला वळसा घालून गेला असता. हिने लांबच गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि उभी राहिली.

"सगळे खाली! मागच्या दाराने! पिशव्या राहू द्या! त्या भिंतीआड चला!"

असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. उतरलो की आम्ही सगळे! परीक्षक साहेबसुद्धा. जन्मात नवऱ्याचं ऐकलं नाही मी, पण सुनेच्या एका हाकेसरशी गुडघे विसरून पळाले.

भिंतीआडून आम्ही माना काढून पोत्याकडे बघत होतो. तेवढ्यात एक सायकलवाला आला, पोत्याला वळसा घातला आणि शीळ वाजवत निघून गेला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. चेहरा पांढराफटक पडला तिचा.

साहेब माणूस भला. हळूच म्हणाले, "इंजिन तापलं होतं का बाई?"

मी लगेच पुढे सरसावले. "तापलं होतं! मला वास आला ना, करपल्याचा. या आजोबांनाही आला. काय हो?" आजोबांनी माझे वटारलेले डोळे पाहिले आणि निमूट मान हलवली.

"आई, पुरे," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "इंजिन चांगलं आहे, साहेब. फौजेत असताना एकदा रस्त्यात असंच पोतं होतं. माझ्या पुढचा ट्रक त्यावरून गेला. माझी मैत्रीण चालवत होती. आज पोतं दिसलं आणि मी पुन्हा तिथे जाऊन पोचले. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. दर बुधवारी मी त्यासाठी लष्करी दवाखान्यात जाते."

बुधवारी! मी समजत होते, बाई भाजी आणायला जाते. एवढा वेळ लावून भाजी इतकी शिळी कशी आणते म्हणून बोलायचेही तिला.

"आई सगळ्यांना सांगतात, सुनेला पित्त आहे," ती म्हणाली. "मला पित्त नाही. मला गाडी येते आणि मला हे झालंय, दोन्ही खरं आहे. खोटं सांगून मिळालेली गाडी मला नको."

राग आला मला, खरं सांगते. हातातोंडाशी आलेला घास बाई आपल्या हाताने लोटत होती. आणि ऊरही भरून आला. दोन्ही एकदमच झालं.

ती पोत्याकडे निघाली. मी मागे गेले तर हाताने तिथेच थांबवलं मला.  तिने दोन्ही हातांनी पोतं धरलं आणि ओढत कडेला नेलं. फाटक्या कोपऱ्यातून लाकडाचा भुसा सांडत गेला. हात झटकत ती परत आली.

"आज पास करता येणार नाही," साहेब म्हणाले.

"माहीत आहे."

"डॉक्टरांनी हो म्हटलं की पुन्हा या."

"येणार. आणि पास होणार." बाजारात भाव सांगावा तितक्या सहज म्हणाली. "गाडी डेपोत नेऊ का? तुम्ही शेजारी बसा. पण आधी लोकांना विचारा."

साहेबांनी जरा विचार केला. "ज्यांना बसायचं त्यांनी बसा. बाकीच्यांसाठी दुसरी गाडी मागवतो."

आजोबा म्हणाले, "मी आपला दुसऱ्या गाडीने येतो." त्यांचा मला राग आला नाही. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण चढले. थेट तिच्या मागच्या बाकावर बसले. मग एकेक करत बरेच जण चढले.

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आई, निघू?"

"निघ," मी म्हटलं. "आणि पुन्हा कुठे पोतं दिसलं तर पुन्हा थांबव. आम्ही उतरू."