बेचाळिसावा दिवस

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कॅलेंडरवर निळा ठिपका अजूनही नव्हता. तिने बोटाने चौकोन मोजले... एकेचाळीस, बेचाळीस... आणि जिभेवर काहीतरी गोड विरघळल्यासारखं झालं. लाल ठिपके तिच्या पाळीचे, निळे धाकट्या जावेच्या. दोघींना एकाच वर्षी, एकाच डॉक्टरीणबाईंनी एकच नाव सांगितलं होतं, पीसीओएस, पाळी लांबवणारा आजार, आणि तेव्हापासून दोघी बरोबर चालायच्या, बरोबर गोळ्या गिळायच्या, एकमेकींच्या हनुवटीवरचे राठ केस उपटून ‘मिशाळ मावशी’ म्हणत हसायच्या. पण गेले सहा महिने निळे ठिपके शहाण्या मुलांसारखे वेळेवर हजर, आणि लाल मात्र दोन महिन्यांनी एक, मग अडीच. तेच चालणं, तीच साखरबंदी. मग हिचंच अंग कसं ऐकतं? आपल्या पदरात एक लेक तरी आहे, उपचारांनी का होईना, जावेकडे तेही नाही — हे कळत नव्हतं का? कळत होतं. मत्सराला कळून काय उपयोग.

म्हणून आज बेचाळिसावा गोड लागला.

ती लेकीची वेणी घालत होती तेव्हा जाऊ आली, चेहरा उतरलेला. गाडी परत घसरली म्हणाली. पाळी आणायच्या गोळ्या तुमच्याकडे उरल्या असतील तर द्या, आजच सुरू करते. बोलता बोलता तिने टेबलावरचा कॉफीचा कप लांब सरकवला. चार दिवस वासच नको झालाय, पित्त असणार.

औषधांच्या डब्यात हात तसाच राहिला. लेकीच्या वेळी तिलाही कॉफी अशीच... आणि महिनाभर ती आजारालाच बोल लावत बसली होती. बाकीच्या बायकांची पाळी चुकली की त्यांना बाळ आठवतं. या दोघींना आजार. जावेच्या मनातही आलं नव्हतं. पाकीट बोटांना लागलं. तिने मागितलं, आपण दिलं, पोटात काही असलंच आणि गोळीने ते गेलं, तरी कोण काय म्हणणार... हे माझ्या डोक्यात येतंय? माझ्या?

“आधी चाचणी कर,” ती म्हणाली. आवाज उगाचच तिखट निघाला.

“कशाला ताई? माझं नशीब काय तुम्हाला नवीन आहे?”

“डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना, त्याशिवाय गोळी नाही. माझ्या कप्प्यात किट आहे, ते घे. जा.”

किट तिने स्वतःसाठी आणून ठेवलं होतं, वर्ष होत आलं.

बाथरूमचं दार लागलं. अर्धी वेणी तशीच घेऊन लेक कुरकुरत पळाली. एकच रेघ यावी असं आपल्याला वाटतंय का, म्हणून तिने मन चाचपून पाहिलं, खोटं न बोलता. पण तिथे बाळ नव्हतंच, ना जावेचं ना तिचं. होता तो सकाळचा रस्ता, आणि त्यावर एकटीच चालणारी ती, ‘आज कितवा?’ विचारायला कुणी नाही, हनुवटी पुढे करायला कुणी नाही... तिने दारावर तळवा टेकवला, टकटक न करता. मला मागे टाकून नको गं जाऊस, असं आतून आलं — आणि हा अजून हेवाच आहे की नुसती माया, हे काही केल्या तिला ओळखता येईना.