पेटीभोवतीचं पाणी

आमच्या अंगणात खांबावर बसवलेली करड्या रंगाची पेटी हवेतली धूळ मोजते. ती तिथे कशासाठी आली हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी ‘बिचारीला काय कल्पना’ म्हणायला नको.

आमच्या भागातून खनिज जातं. त्याचा पैसा राजधानीत जमा होतो आणि तिथून सगळ्या प्रांतांना वाटला जातो. आजवर डोकी मोजून वाटायचे. आमच्याकडे खाणी जास्त, माणसं कमी, म्हणून वाटाही कमी. बरीच ओरड झाल्यावर नवा नियम आला, की ज्या प्रांताने धूळ जास्त खाल्ली त्याला वाटा जास्त. त्यासाठी वर्षभर मोजणी. गावची पेटी दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये बसवली, कारण इथे कुंपण आहे, वीज आहे आणि माझा नवरा आहे. तो दवाखान्यात औषधं देतो. पेटीची देखभाल करीन, अशी सही त्याने केली.

सही त्याची, पण दिवसभर घरी मी. आणि आमची अडीच वर्षांची लेक, सारखी खोकणारी. मी तिच्या प्रत्येक खोकल्याला उठून बघायचे. सासूबाई म्हणायच्या, “अगं, पोरीला सुखानं खोकू तरी दे.”

खनिजाचे ट्रक कुंपणापलीकडूनच जातात. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ अंगणात पाइपने पाणी मारायला लागले. मग रस्त्याच्या बाजूला दोरी बांधून ओल्या चादरी टाकायला लागले. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं पेटीच्या खांबाला. सोयीचा होता खांब.

मी बीएस्सी केलंय. ओलं फडकं धूळ धरतं हे कळायला तेवढंही शिकावं लागत नाही. पेटीकडे नजर गेली की मनात यायचंच. मग मी स्वतःला समजवायचे, एवढ्या मोठ्या देशाच्या वाटणीत माझ्या दोन चादरींनी काय होणार आहे.

समोरच्या ट्रक ड्रायव्हरची बायको तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन रोज आमच्याकडे येऊन बसायची. मुलीला दमा. “वहिनी, तुमच्या अंगणात हिची छाती मोकळी होते बघा,” ती म्हणायची. “आमच्याकडे आरसा पुसून वळेपर्यंत तोंड दिसेनासं होतं.” मी चहा टाकायचे. तिने केलेलं कौतुक मला आवडायचं.

वर्ष संपलं. एका दुपारी नवरा जेवायला आला तो हसतच, पण ते हसू काही बरं नव्हतं.

“ऐकलंस? आपली हवा राजधानीतल्या बागेइतकी स्वच्छ निघाली. सिस्टर म्हणतात, आता लोक इथे हवापालटाला येतील.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपला प्रांत ‘कमी झळ’ गटात, वाटाही कमीच. प्रांतात पेट्या तीनच, त्यातही सगळी भिस्त आपल्यावर होती. मुलांसाठी छातीचा वॉर्ड होणार होता ना, तो याच पैशातून. आता बसा.” मग म्हणाला, “अगं पुरे, ताटात डोंगर झालाय.”

मी वाढतच राहिले होते. चमचा ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

“मी रोज त्या चादरींखालून वाकून जातो,” तो म्हणाला. “दिसत मलाही होतं.”

सासूबाई आतून बाहेर आल्या. “आता दोघंही तोंड मिटून बसा. सही याची आहे. नोकरी गेली तर पोरीला काय, चादरी शिजवून घालणार?”

या निकालावर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. त्यातले बारा मी तोंड मिटून काढले. पाणी मात्र मारतच होते.

तेराव्या दिवशी पेटी तपासायला राजधानीतून साहेब आले, वर्षात पहिल्यांदाच. त्यांनी आतला फिल्टर काढून उजेडात धरला. “मॅडम, खाणीच्या गावात इतका पांढरा फिल्टर मी अजून पाहिला नाही.” त्यात आरोप नव्हता, त्यांना खरंच नवल वाटत होतं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मी पाणी मारते,” मी म्हणाले. “रोज दोनदा. आणि चादरी असतात, त्या या खांबालाच.”

“कधीपासून?”

“पेटी बसली त्याच महिन्यापासून.”

त्यांनी कागद पुढे केला आणि मी लिहून दिलं. नवऱ्याचं काय होईल, ते वरचे ठरवतील म्हणाले. मोजणी मात्र पुन्हा होईल, नव्वद दिवस. “या दिवसांत अंगणात थेंबभरही पाणी नको. पेटीला गावाची खरी हवा मिळाली पाहिजे.”

“मिळेल,” मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी लेकीचे कपडे, औषधं, वाफेचं यंत्र, सगळं बॅगेत भरलं. नवरा तिला माझ्या आईकडे सोडून आला. तिथे खाण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरची बायको नेहमीसारखी मुलीला घेऊन आली. “वहिनी, आज नळाला पाणी नाही का?”

मी तिला सगळं सांगितलं. चादरी, वॉर्ड, नव्वद दिवस, काही लपवलं नाही.

“म्हणजे आता पेटीला दिसावी म्हणून धूळ खायची,” ती म्हणाली. “खातच होतो म्हणा एरवीही.” मग तिने माझ्या खांद्यावरून घरात पाहिलं. “छोटी दिसत नाही?”

“माझ्या आईकडे आहे.”

तिने मान हलवली. चिडली असती तर बरं झालं असतं. कुंपणापलीकडून भरलेला ट्रक गेला आणि कोरड्या मातीत बसलेली तिची मुलगी खोकायला लागली.

“हिला घरात ने,” मी म्हणाले.

“कुठल्या?”

“आमच्या. खिडक्या बंद आहेत. खोली रिकामीच आहे आता.”

तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं, तिचं तोंड पदराने झाकलं आणि रस्ता ओलांडून आपल्या घरी निघून गेली.